फक्त या मशीनपुरते

विजेच्या कुठल्याही वस्तूजवळ गेले की निमजे काकाजींचा डावा हात आपोआप पाठीमागे जाई आणि पॅन्टच्या पट्ट्यात खोचला जाई. वस्तू लहान की मोठी, याला महत्त्व नव्हतं. दारावरची घंटा असो, पंख्याचं बटण असो, नाहीतर दोन सेलची टॉर्च असो, काकाजी सगळं काम उजव्या हाताने करायचे आणि डावा हात वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा मागे उभा असायचा. एकदा मी त्यांना माझं नवं मनगटी घड्याळ पाहायला दिलं. हे चावीचं नाही, सेलवर चालतं, असं सांगितल्याबरोबर डावा हात मागे गेला. आमच्या भागातल्या सार्वजनिक गणपतीला रोषणाई फार असायची, म्हणून त्या दहा दिवसांत काकाजी बाप्पाला एकाच हाताने नमस्कार करायचे.

"एक हात कामाले, एक हात घरी वापस जायाले," हे त्यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर.

मी या हाताची पुष्कळ थट्टा केली. मग एके दिवशी त्यांनी कारण सांगितलं. त्यांचं मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. तिथे एका लग्नाच्या मांडवात लोंबणारी वायर त्यांच्या मोठ्या भावाने बाजूला सारली होती, दोन्ही हातांनी. "एका हातानं धरली असती त झटका लागून फेकला गेला असता. दोन्ही हातानं धरली, करंट छातीतून गेला," एवढं सांगून ते पंख्याचं तेलपाणी करायला शिडीवर चढले. त्या दिवसापासून मी हाताचा विषय बंद केला. थट्टा करायला काकाजींजवळ इतर विषय भरपूर होते.

लकडगंजात एका लाकडाच्या वखारीच्या माडीवर मालतीबाई देशकरांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. मी तिथेच टायपिंग शिकले आणि तिथेच शिकवायला लागले. खाली करवत चालायची आणि वर वीस टाइपरायटर, त्यामुळे आम्ही सगळेच घरीसुद्धा ओरडून बोलत असू. काकाजी तिथे आले ते खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झाल्यावर. तीस वर्षं त्यांनी तिथल्या कंट्रोल रूममध्ये काढली होती. भिंतभर पॅनेल, त्यावर शेकडो बारीक दिवे, आणि समोर खुर्चीवर काकाजी. कोणता दिवा लागला, कोणता विझला, ते पाहायचं आणि लिहून ठेवायचं. निवृत्तीनंतर घरी बसवेना. घरात पाहण्यासारखे दिवे तीनच, आणि त्यातला एक देवाजवळचा. म्हणून मालतीबाईंकडे पंखे, ट्यूबलाइट आणि कूलर सांभाळायचं काम त्यांनी घेतलं.

पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यांनी माडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि विचारलं, "लॉगबुक कुठी आहे?"

टायपिंग इन्स्टिट्यूटला लॉगबुक कुठलं? संध्याकाळी काकाजींनी शंभरपानी वही आणली, पट्टीने रकाने आखले, आणि दुसऱ्या दिवसापासून माडीवरच्या विजेचा इतिहास लिहिला जाऊ लागला. '१०.०५ : पंखा क्र. २ चालू. कुरकूर आहे.' '१२.३० : ट्यूब क्र. ४ लुकलुक. काठीने ठोकली. ठीक.' '१५.१५ : शोभाबाईंनी कूलरचे बटण ओल्या हाताने लावले. समज दिली.' ही शोभाबाई म्हणजे मी. समज म्हणजे काय असते, ते मला अजून आठवतं. पाऊण तास चालली.

अशी सगळी व्यवस्था सुरळीत असताना मालतीबाईंनी संगणक घ्यायचं ठरवलं. ऐंशीचं दशक निम्मं उलटून गेलं होतं, टायपिंगला येणारी मुलं कमी व्हायला लागली होती आणि जो तो 'कम्प्युटर शिकवता का?' म्हणून विचारी. मालतीबाईंनी वीसपैकी बारा टाइपरायटर विकले आणि एक मशीन आणलं. एकच. मागे फिरायची वाट त्यांनी ठेवली नव्हती. आता परीक्षा मंडळाचा तपासनीस येणार, मशीन चालू स्थितीत आहे असं लिहून देणार, मग क्लासला मान्यता मिळणार. मान्यता नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर मुलं नाहीत, आणि उरलेल्या आठ टाइपरायटरवर इन्स्टिट्यूट चालणं शक्य नव्हतं. मालतीबाई हे रोज कुणाला ना कुणाला सांगायच्या, आणि शेवटी आपल्यालाच सांगितल्यासारखं म्हणायच्या, "होईल सगळं."

मशीनबरोबर पुण्याहून टाय लावलेला एक इंजिनियर आला. एप्रिलच्या नागपुरात टाय लावून आलेला माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. खोलीला एअर कंडिशनर हवा, असं त्याचं म्हणणं. मालतीबाईंनी खिडकीत वाळ्याचा कूलर बसवला आणि विषय मिटवला. त्याने मला दोन तासांत संगणक शिकवला. त्यातला एक नियम त्याने तीनदा बजावला. मशीनचं बटण दाबलं की समोर हिरवा दिवा लागेल. तो लागल्याशिवाय पडद्याचं बटण दाबायचं नाही. हिरवा लागलाच नाही तर मशीन लगेच बंद करायचं आणि पुण्याला ट्रंक कॉल करायचा. दुसरा दिवा लाल. आतली डिस्क काही वाचत-लिहीत असली की तो लुकलुकणार. तिसरा पिवळा. त्याच्या शेजारी एक बटण होतं, ते दाबलं की तो लागायचा. ते बटण कशासाठी, हे सांगायच्या आत इंजिनियरच्या गाडीची वेळ झाली.

जाताना तो म्हणाला, मशीनजवळ शोभाबाईंशिवाय कुणी जायचं नाही. म्हणून काकाजी उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, डावा हात मागे ठेवून. चांगली दहा मिनिटं त्यांनी त्या दिव्यांकडे पाहिलं.

"शोभा, हे मशीन चालू आहे का बंद?"

"चालू आहे काकाजी. हिरवा दिसत नाही का?"

"हिरवा दिसून राहिला म्हणूनच इचारून राहिलो."

मग मला कळलं की आमच्यासमोर केवढा पेच उभा राहिला आहे. पॉवर हाऊसच्या पॅनेलवर सगळं उलटं असतं. लाल लागला म्हणजे लाईन चालू, दूर राहा. हिरवा लागला म्हणजे लाईन बंद, आता हात लावायला हरकत नाही. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडून लाईन आपोआप बंद पडली, त्यांच्या भाषेत 'ट्रिप' झाली, साहेबाला उठवा. तीस वर्षं काकाजींनी याच तीन रंगांवर स्वतःचा आणि दुसऱ्यांचा जीव सांभाळला होता.

"हिरवा अन् लाल संग जळतच नाही वं," ते काकुळतीने म्हणाले. "चालूही अन् बंदही, असं कुठी असते काय? यातला एक दिवा खोटं बोलून राहिला."

मी रस्त्यावरच्या सिग्नलचं उदाहरण दिलं. हिरवा म्हणजे चला, लाल म्हणजे थांबा.

"ते सायकलवाल्याइसाठी आहे," काकाजी म्हणाले. "हे लाईनचं काम आहे."

पिवळ्याचा बंदोबस्त त्यांनी परस्पर करून टाकला. तो लागलेला दिसला की ते उंबऱ्यातून आत वाकायचे, लांबूनच एका बोटाने बटण दाबून तो विझवायचे आणि समाधानाने वहीत लिहायचे, 'फॉल्ट दूर केला.' पुढे कितीतरी दिवसांनी मला समजलं की ते बटण मशीनचा वेग दुप्पट करण्यासाठी असतं. आमच्या पहिल्या सगळ्या तुकड्या अर्ध्या वेगाच्या संगणकावर शिकून गेल्या, आणि संगणक हे एक सावकाश, विचारी यंत्र आहे असा त्यांचा समज झाला तो आमच्यामुळे.

तपासणीला तीन आठवडे होते. तपासनिसाला दाखवायची मुलांची यादी आणि अभ्यासक्रम मी सकाळपासून टाइप करत बसले होते. चार वाजता चहा प्यायला खाली गेले. ते सगळं अजून डिस्कवर उतरवलेलं नव्हतं, ही माझी चूक. इकडे प्लग ढिला आहे म्हणून तो बदलायला काकाजी आले. त्यांनी नियमाप्रमाणे आधी दिवे पाहिले. लाल नाही. एकटा हिरवा, स्थिर. म्हणजे मशीन बंद. हात लावायला हरकत नाही. काकाजींनी डावा हात पट्ट्यात खोचला आणि उजव्या हाताने प्लग ओढला.

मी परत आले तेव्हा पडदा काळा होता आणि काकाजी नवा प्लग बसवत होते. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खालची करवतसुद्धा थांबली, असं वखारवाले नंतर म्हणाले.  सगळं ऐकून घेतल्यावर काकाजी म्हणाले, "तीस वर्षांत माह्या हातानं एक ट्रिप झाली नाही वं, शोभा." आणि वहीत लिहिलं, '१६.१० : मशीन ट्रिप. कारण : निमजे.'

ती ओळ वाचून माझा राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी घरून वांग्याची भाजी नेली. ती त्यांनी खाल्ली, पण डोक्यातला दिवा काही गेला नाही. ते मालतीबाईंकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, दिव्याइची अदलाबदल करू द्या. आत दोन बारीक प्लग आहेत. हिरव्याचा लालले, लालचा हिरव्याले. पाच मिनिटाचं काम."

"काकाजी, तपासनीस येऊन जाऊ द्या," मालतीबाई म्हणाल्या. "तोवर त्या मशीनला हात लावायचा नाही. एक हातही नाही."

"बरं बाई," काकाजी म्हणाले. त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं मी एकदाच पाहिलं, ते याच वेळी.

तपासणीचा सोमवार उजाडला. मे महिना. तपासनीस अकराला यायचे होते. साडेनऊलाच मालतीबाई इस्त्रीची साडी नेसून, मशीनला हार घालून तयार होत्या. खिडकीतला कूलर आगगाडीसारखा धडधडत होता. मी देवाचं नाव घेऊन मशीनचं बटण दाबलं.

हिरवा लागला नाही.

नियमाप्रमाणे मी लगेच बंद केलं. पुन्हा दाबलं. नाही. पुन्हा बंद. असं पाच वेळा झालं. लाल नाही, हिरवा नाही, मशीनचं तोंड काळं ठिक्कर. पुण्याला ट्रंक कॉल लावला, तेव्हा इंजिनियर कोल्हापूरला गेला होता आणि गुरुवारी परत येणार होता. मालतीबाई खुर्चीवर बसल्या आणि जिथे पूर्वी ते बारा टाइपरायटर असायचे, त्या रिकाम्या भिंतीकडे पाहू लागल्या. त्या रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात काकाजी दारात आले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, "बाई, मी काल दिवे बदलले."

खोलीत कूलरशिवाय कुणी बोलेना.

"काहून बदलले म्हणाल, त सरकारी माणूस येऊन राहिला. समोर हिरवा पाहीन अन् कागदावर लिहीन, मशीन बंद आहे. तुमची मान्यता जाईन. म्हणून म्या बदलले. काल इतवार होता, आपल्या भागाची लाईन बंद होती. कामाले चांगलं, पण लावून पाहता नाही आलं."

आपला क्लास वाचवण्यासाठीच या माणसाने आपला क्लास बुडवला आहे, हे मालतीबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की त्या माडीवर तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "काकाजी, मशीन मेलं का?"

काकाजींनी मान वर केली. त्या प्रश्नाने त्यांच्यातला पॉवर हाऊसचा माणूस जागा झाला असावा. "पयले कूलर बंद करा," ते म्हणाले.

"हिरवा नाही लागत काकाजी, कूलरचं काय घेऊन बसलात?" मी म्हणाले.

"दिव्यानं सांगतलं ते आयकाचं. पण मशीनलेही इचाराचं. कूलर बंद कर अन् बटण दाब. मी म्हणतो तवरिक बंद करू नको."

मी कूलर बंद केला. मशीनचं बटण दाबलं आणि नियमाविरुद्ध तसंच ठेवलं. माडीवर एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मशीनच्या पोटातून बारीक घर्र ऐकू आली. पंखा फिरत होता. काकाजींनी डावा हात मागे घेतला, वाकून मशीनला कान लावला, हाराचं एक फूल त्यांच्या कानात अडकलं, आणि तसेच वाकून ते म्हणाले, "चालू आहे गा! मस्त चालू आहे! दिवा मेला. दिवा म्हणजे मशीन नव्हे."

मी पडद्याचं बटण दाबलं. अक्षरं आली. पाच वेळा मी एका जिवंत मशीनचा गळा दाबला होता, केवळ एक दिवा लागला नाही म्हणून. काकाजी लालवर अडून बसले होते आणि मी हिरव्यावर. त्यांना हसायचा मला काही हक्क नव्हता, हे मला तिथेच कळलं.

पण तपासनीस तर दिवा पाहणारच. सव्वादहा झाले होते. मालतीबाई म्हणाल्या, "उघडा." मशीन बंद केलं, प्लग काढला, हार उतरवला. काकाजींनी एका हाताने चार स्क्रू काढले. मी टॉर्च धरली होती. दोन्ही दिव्यांच्या वायरी आपल्या जागी नीट बसलेल्या दिसत होत्या.

"आमची आई मागावर बसे," काकाजी आत पाहत म्हणाले. "कापडात भोक दिसलं त कापडाकडे पाहत नोको बसू म्हणे. धागा बोटात धर अन् उलटा जाय, कुठी तुटला तवरिक." त्यांनी वायर बोटात धरली आणि दिव्यापासून मागे मागे गेले. धागा कुठेच तुटला नव्हता. मग माझ्या हातातली टॉर्च मागून घेतली, तिचे सेल काढले, आणि हिरव्या दिव्याची दोन टोकं सेलांना लावली. दिवा लागला नाही. "उडाला असन," ते पुटपुटले, आणि सवयीने टोकं उलटी करून पाहिली.

हिरवा लख्ख लागला.

काकाजींनी पुन्हा उलटं केलं. विझला. सुलटं केलं. लागला. साठी उलटलेला तो माणूस जत्रेतलं खेळणं मिळाल्यासारखा चार वेळा ते करत बसला. "अरे बाप्पा! याले तोंड आहे! बल्बले कुठूनही लाईन द्या, जळते. हे बेटं समोरून बोलाल तरच बोलते!" तीस वर्षं त्यांनी जे बल्ब पाहिले त्यांना उलटं-सुलटं नव्हतं. म्हणून काल दोन्ही प्लग त्यांनी कसेही लावले होते, आणि नेमके दोन्ही उलटे बसले होते.

आता दोन्ही प्लग त्यांच्या उजव्या हातात होते. कुठला कुठे लावायचा, तेवढंच उरलं होतं. मला वाटलं, ते लालच चालूच्या जागी लावणार. मालतीबाईंनाही तसंच वाटलं असावं.  काकाजी क्षणभर थांबले. मग त्यांनी हिरव्याचा प्लग जिथला होता तिथे, चालूच्या जागी लावला.

"आपल्या पोट्ट्याइले दुसऱ्या जागी नोकरीत हिरवाच दिसन," ते म्हणाले. "त्याइले कायले चुकीचं शिकवाचं? लाल माह्या डोक्यात राहू द्या."

हे म्हणताना त्यांना किती जड गेलं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला त्या क्षणी हा माणूस फार मोठा वाटला, आणि तसं मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "काकाजी, कानातलं फूल काढा."

तपासनीस अकराऐवजी पावणेबाराला आले, घामाने निथळत. मशीनसमोर उभे राहिले. हिरवा लागला होता, लाल लुकलुकत होता, पडद्यावर यादी होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्यांचं लक्ष मशीनच्या कपाळावर गेलं. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. मी आणि मालतीबाई जिन्यापर्यंत त्यांना आणायला गेलो होतो, तेवढ्यात काकाजींनी ती लावली होती. वहीच्या कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : 'हिरवा = चालू. फक्त या मशीनपुरते. – स. ग. निमजे.'

"फक्त या मशीनपुरते म्हणजे काय?" तपासनिसांनी विचारलं.

मालतीबाईंनी डोळे मिटले. काकाजी पुढे झाले, डावा हात मागे घेतला आणि पॉवर हाऊसच्या पॅनेलपासून सुरुवात केली. मी घाईघाईने कूलर लावला, की निदान अर्धं तरी ऐकू जाऊ नये. पण तपासनीस कूलरसमोरून हलायला तयार नव्हते, आणि त्यामुळे त्यांना पूर्ण व्याख्यान ऐकावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "निमजे, मी इतके क्लास पाहिले. मशीनची इतकी काळजी करणारा माणूस कुठे पाहिला नाही." आणि त्यांनी लिहिलं, 'यंत्र चालू स्थितीत आहे.' काकाजींनी वहीत सकाळची राहिलेली नोंद केली, '१०.५० : दोन्ही दिवे चालू. कारण : निमजे.'

महिन्याभरात मान्यतेचं पत्र आलं. मालतीबाईंनी पेढ्याचा पहिला डबा काकाजींच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कारण डब्यात सेल नव्हते.

पुढे आमच्याकडे आणखी तीन मशीनं आली. प्रत्येक नव्या मशीनवर काकाजींनी तीच चिठ्ठी लावली. चारही मशीनांवर एकच मजकूर असल्यामुळे 'फक्त या मशीनपुरते' याला काही अर्थ उरला नव्हता, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. "चार मशीनं म्हणजे काय दुनिया नव्हे वं," ते म्हणाले.

दुसऱ्या वर्षी त्यांना छातीचं दुखणं लागलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी दुपारी भेटायला गेले. उशाशी एक मशीन होतं, त्याच्या वायरी काकाजींच्या छातीला चिकटवलेल्या. त्यांचा उजवा हात सलाईनला होता आणि डावा हात पाठीखाली दडपलेला होता. नर्स वैतागली होती. "तो हात काढतच नाहीत आजोबा. रात्री झोपेत काढून ठेवला, त सकाळी पुन्हा आत." मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला पाऊण तास लागला असता.

काकाजींनी डोळे उघडले. "शोभा, मशीनचा कोणता दिवा जळून राहिला? मले इथून दिसत नाही."

"हिरवा."

"अन् लाल?"

"लाल नाही काकाजी. एकटा हिरवा."

त्यांनी मान मशीनकडे वळवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, "चिठ्ठी आहे काय त्याच्यावर?"

"नाही."

"चिठ्ठी नाही, म्हणजे आपला नियम," काकाजी म्हणाले. "हिरवा म्हणजे बंद. हात लावाले हरकत नाही."

आणि त्यांनी डावा हात हळूहळू पाठीखालून बाहेर काढला. त्यावर चादरीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. सलाईनची नळी सांभाळत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत मी त्यांचा तो हात कधी धरला नव्हता. तो उजव्यापेक्षा मऊ होता. त्याने कधी काम केलं नव्हतं ना. मला रडू आवरेना.

"डोळे पूस अन् हात कोरडे कर," ते म्हणाले. "ओल्या हातानं मशीनजवळ बसू नाही. किती डाव सांगतलं तुले."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा, विलासचा, इन्स्टिट्यूटमध्ये फोन आला. विलासही पॉवर हाऊसमध्येच लागलेला. मी आणि मालतीबाई पोचलो तेव्हा काकाजींच्या अंगावर पांढरी चादर ओढलेली होती. वायरी काढून गुंडाळून ठेवल्या होत्या, पण मशीन बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याचा हिरवा दिवा तसाच जळत होता. मालतीबाई कितीतरी वेळ त्या दिव्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "विलास, हे अजून चालू आहे का रे?"

विलासने मशीनकडे पाहिलं. "नाही बाई," तो म्हणाला. "हिरवा आहे."

आणि डावा हात पाठीमागे घेऊन त्याने उजव्या हाताने बटण दाबलं.